बेशव्हेलचे अर्धे उतरलेले शीड

बाटलीवर एक जहाज आहे. नाळेवर ग्रिफिनचे डोके: ग्रीक कथांमधला, सिंहाच्या धडाचा आणि गरुडाच्या चोचीचा तो राखणदार. मधोमध डोलकाठी, आणि शीड अर्धवट खाली आलेले. वाइनचे आणि ती बनते त्या वाड्याचे नाव शातो बेशव्हेल. गाव सँ-ज्युलियाँ, फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर उत्तरेला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर.

या नावाची गोष्ट वाइनच्या जगात सगळ्यांना पाठ आहे. एपेर्नोंचा ड्यूक हा फ्रान्सचा ॲडमिरल, म्हणजे आपल्याकडचा सरखेलच म्हणा. त्याचा वाडा जिरोंदच्या काठावर होता. वाड्यासमोरून जाणारे प्रत्येक जहाज त्याला मान म्हणून शीड खाली करायचे. 'बेस व्वाल', म्हणजे 'शीड उतरवा', अशी आरोळी उठायची. तिथल्या गॅस्कन बोलीत ती 'बाशा वेला', आणि त्याचेच पुढे बेशव्हेल झाले. गोव्यात पोर्तुगीज कानावर पडलेल्यांना हे शब्द ओळखीचे वाटतील. पोर्तुगीजमध्येही 'बाइशार' म्हणजे खाली करणे आणि 'वेला' म्हणजे शीड.

मीही ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे. अलिबागला एका मित्राच्या घरी ती सांगितली तेव्हा मित्राचे वडील झोपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांनी तरुणपणी शिडाच्या मचव्यावर तांडेलकी केली आहे, कौले आणि मीठ भरून मुंबईला नेले आहे. ते वाइन पीत नाहीत. त्यांनी बाटली मागितली, चष्मा वर सरकवला आणि जहाजावर बोट ठेवले.

"यानं शीड अर्धंच उतरवलंय. भरतीला की ओहोटीला?"

मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न मला कुणी कधी विचारलाच नव्हता. त्यानंतर मी या नावाकडे गोष्ट म्हणून न पाहता प्रकरण म्हणून पाहायला लागलो. इथे एक दावा आहे, एक माणूस आहे, एक पाणी आहे. प्रत्येक गोष्ट वेगळी तपासता येते.

काकांचा प्रश्न

जिरोंद ही खरे तर नदी नाही. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बेक दांबेस इथे एकत्र येतात आणि तिथून समुद्रापर्यंत जवळपास ७५ किलोमीटरचे रुंद, गढूळ, खाऱ्या-गोड्या पाण्याचे पात्र तयार होते. पश्चिम युरोपातली ही सर्वांत मोठी खाडी. भरती इतकी आत शिरते की बोर्दो शहर समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर असूनही तिथले पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते. आपल्या धरमतरच्या किंवा दाभोळच्या खाडीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. भरतीबरोबर आत जायचे, ओहोटीबरोबर बाहेर पडायचे, मधल्या वेळात नांगर टाकून थांबायचे. बोर्दोला येणारी-जाणारी शिडाची जहाजे याच वेळापत्रकाने चालत. वारा मदतीला असे, पण मुख्य काम पाणी करी.

म्हणून काकांचे म्हणणे असे होते की खाडीत शीड उतरवले म्हणून तारू थांबत नाही. पाणी त्याला नेतच राहते. मग शीड पूर्ण का उतरवले नाही? याचे उत्तरही त्यांनीच दिले, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. पाण्याच्या वेगानेच वाहणाऱ्या होडीचे सुकाणू मेलेले असते. सुकाणूच्या फळीवर पाणी घासून गेले तरच ते होडीला वळवते. होडी आणि पाणी एकाच वेगाने निघाले तर सुकाणू कितीही फिरवा, नाळ ऐकत नाही. शीड अर्धे ठेवले की होडी पाण्यापेक्षा थोडी पुढे पळते, आणि तेवढ्याने सुकाणू जिवंत राहते.

चित्रातले शीड अर्धवट आहे ते चित्रकाराला सुंदर दिसले म्हणूनही असेल. पण जिरोंदसारख्या वाळूच्या दांड्यांनी आणि बेटांनी भरलेल्या खाडीत कुणाला मान द्यायचा असेल आणि जहाजही वाचवायचे असेल, तर शहाणा तांडेल नेमके हेच करील. म्हणजे पहिल्या कसोटीला ही गोष्ट उतरते. बेशव्हेलसमोर शीड उतरवणे शक्य होते, फार महागही पडणारे नव्हते.

ड्यूक

आता माणूस. ज्याँ-लुई द नोगारे द ला व्हालेत, एपेर्नोंचा पहिला ड्यूक, जन्म १५५४. गॅस्कनीतल्या साध्या सरदार घराण्यातला हा मुलगा राजा तिसऱ्या हेन्रीच्या मर्जीत आला आणि काही वर्षांत ड्यूक झाला. १५८७ मध्ये त्याच्या आयुष्यात दोन गोष्टी घडल्या. मार्गरीत द फ्वा-कांदाल हिच्याशी त्याचे लग्न झाले. आणि कूत्रा नावाच्या गावाजवळच्या लढाईत ॲडमिरल ज्वायोझ मारला गेल्यावर फ्रान्सच्या ॲडमिरलपदाची वस्त्रे याला मिळाली.

गोष्ट इथेच अडखळते. बेशव्हेल ही ड्यूकची वडिलोपार्जित जागा नव्हती, ती सासरची. तिथला वाडा १५६५ मध्ये फ्रांस्वा द फ्वा-कांदाल या बिशपने बांधला. हा बिशप युक्लिडच्या भूमितीचा अभ्यासक आणि भाषांतरकार होता, आणि तो १५९४ पर्यंत हयात होता. ॲडमिरलपद मात्र ड्यूककडे जेमतेम दोन वर्षे राहिले. ती वर्षेही फ्रान्समधल्या धर्मयुद्धांच्या ऐन धामधुमीची. त्यातला बराच काळ त्याचा दरबारात, प्रोव्हाँसमध्ये आणि अंगुलेममध्ये गेला. जिरोंदच्या काठावर गच्चीत उभे राहून जहाजांचे मुजरे घेण्याइतकी उसंत त्या दोन वर्षांत दिसत नाही.

या प्रांताचा, गियेनचा, गव्हर्नर म्हणून तो आला १६२२ मध्ये. तेव्हा त्याचे वय अडुसष्ट आणि ॲडमिरलपद सोडून तीस वर्षे उलटून गेलेली. पुढच्या चार-पाच वर्षांत तर राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशलिए याने ॲडमिरल हे पदच मोडीत काढले आणि समुद्राचा कारभार स्वतःकडे घेतला. म्हणजे ड्यूक ॲडमिरल होता तेव्हा इथे नव्हता, आणि इथे होता तेव्हा ॲडमिरल नव्हता. गोष्टीला हे दोन्ही एकाच वेळी हवे आहेत.

मग ही गोष्ट त्यालाच का चिकटली? मला वाटते, स्वभावामुळे. मानपानासाठी हा माणूस कोणत्या थराला जाई याची नोंद इतिहासात आहे. १६३३ मध्ये बोर्दोचा आर्चबिशप आंरी द सूर्दिस याच्याशी त्याचे बिनसले. ड्यूकच्या शिपायांनी आर्चबिशपची गाडी अडवली, आणि पुढे भर रस्त्यात ड्यूकने काठीने त्याची टोपी उडवली. चर्चने ड्यूकला बहिष्कृत केले. ऐंशीच्या घरातल्या या म्हाताऱ्याला शेवटी गुडघे टेकून क्षमा मागावी लागली. ज्या माणसाने आर्चबिशपची टोपी उतरवली त्याच्यासमोर जहाजांनी शिडे उतरवली असतील, यावर लोकांचा विश्वास बसणे अगदी साहजिक आहे.

या भांडणाचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही, पण समुद्राच्या इतिहासात तोच मोठा आहे. अपमान झालेला हा आर्चबिशप सूर्दिस पुढे फ्रान्सच्या आरमाराचा सेनापती झाला. १६३८ मध्ये ग्वेतारियाच्या समुद्रात त्याने स्पॅनिश आरमार जाळले. त्याच वर्षी फुएंतेराबियाच्या वेढ्यात फ्रेंचांची दाणादाण उडाली आणि तिचे खापर ड्यूकच्या मुलावर, बर्नारवर फुटले. म्हाताऱ्या ड्यूकचे गव्हर्नरपद गेले. १६४२ मध्ये लोश इथे तो मर्जीतून उतरलेला असा वारला. १६६१ मध्ये बर्नार गेला आणि ड्यूकपदाचा वंश संपला. त्या काठावर त्या काळात खरोखर समुद्र गाजवलेला माणूस शोधायचा तर तो आर्चबिशप निघतो. बाटलीवर मात्र मान ड्यूकला आहे.

शीड का उतरवतात

शीड उतरवून मान देण्याची रीत मात्र खरीच होती, आणि तिच्यावरून रक्तही सांडले आहे. आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात परक्या जहाजांनी वरचे शीड किंवा निशाण खाली करावे, असा इंग्लंडचा कित्येक शतके आग्रह होता. १६५२ च्या मे महिन्यात डोव्हरजवळ डच सेनापती ट्रॉम्प आणि इंग्रज सेनापती ब्लेक समोरासमोर आले, निशाण उतरवण्यावरून तोफा सुटल्या आणि त्यातून पहिले इंग्रज-डच युद्ध पेटले. १६५४ च्या तहात डचांना ही सलामी लेखी कबूल करावी लागली.

हा मान इतका टोकाचा का, हे काकांच्या बोलण्यातूनच मला उमगले. तलवार म्यान करणे आणि शीड उतरवणे एकच. शीड हेच जहाजाचे बळ. ते खाली केले म्हणजे 'मी आता पळणार नाही, तुम्ही या आणि पाहा' असे म्हटल्यासारखे आहे. म्हणूनच ही सलामी आणि जकात या दोन गोष्टी समुद्रावर कधी वेगळ्या राहिल्या नाहीत. कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीजांचे 'कार्ताझ' आणि कान्होजी आंग्र्यांचे 'दस्तक' याच जातीचे. परवाना दाखवायचा तर जहाज थांबले पाहिजे, थांबायचे तर शीड खाली आले पाहिजे. इंग्रजांचे आंग्र्यांशी वैर झाले त्याचे एक मोठे कारण हेच होते की या पाण्यात कुणाचा परवाना चालायचा.

याच वाटेने बेशव्हेलकडे पाहिले तर नाव सरळ उलगडते. बेशव्हेलला खाडीला लागून एक छोटे बंदर आहे. बंदरात शिरणारे प्रत्येक तारू शीड उतरवते, कारण भरल्या शिडाने कुणी धक्क्याला लागत नाही. जकात द्यायला थांबणारे तारूही शीड उतरवते. 'शीड उतरवायची जागा' हे नाव खलाशांच्या तोंडी बसायला ड्यूकची गरज नाही. खलाशी जागांना नावे ठेवतात ती तिथे काय करायचे ते लक्षात राहावे म्हणून. माझे मत ठाम होत गेले ते यामुळेच. नाव कामातून आले, आणि सरदाराची गोष्ट त्यावर नंतर चढली.

आणखी एक गोष्ट याच बाजूने बोलते. ड्यूकच्या पिढीनंतर काही दशकांनी चौदाव्या लुईचा दुर्गशिल्पी व्होबाँ याने हीच खाडी शत्रूला बंद करायचे ठरवले. पलीकडच्या काठावर ब्ले इथे मोठा किल्ला होता, पण तिथल्या तोफांचा मारा पात्राच्या रुंदीला पुरत नव्हता. म्हणून त्याने मधल्या बेटावर फोर पाते आणि बेशव्हेलपासून जवळच, क्युसाक इथे, फोर मेदॉक उभारले. तीन ठिकाणांहून तोफा रोखल्या तेव्हा कुठे खाडी अडली. हे तिन्ही किल्ले २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. राजाला तीन किल्ले लागले तिथे एका वाड्याच्या दराऱ्याने साऱ्या जहाजांची शिडे खाली आली असे मानणे मला जड जाते. जी उतरली ती थांबायलाच आलेल्या जहाजांची.

पिंप आणि टन

नावाबद्दल इतके. पण या वाइनचे समुद्राशी नाते नावाहून कितीतरी खोल आहे. ११५२ मध्ये आक्वितेनची एलिनोर आणि हेन्री प्लँटाजेनेट यांचे लग्न झाले. हेन्री पुढे इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दोचा प्रदेश तीनशे वर्षे इंग्लंडच्या ताब्यात राहिला, थेट १४५३ च्या कास्तियोंच्या लढाईपर्यंत. दरवर्षी सुगीनंतर जहाजांचे तांडे जिरोंदमधून निघत आणि नवी वाइन इंग्लंडला पोचवत. १३०८-०९ च्या हंगामात एक लाखाच्या आसपास 'तोनो' वाइन बाहेर गेली.

हा 'तोनो' म्हणजे लाकडी पिंप. जहाजात अशी किती पिंपे मावतात त्यावरून जहाजाचा आकार सांगू लागले आणि त्यातूनच जहाजाच्या 'टनेज'चे माप आले. आज सिमेंटचा ट्रक किती टनांचा ते आपण बोलतो, त्या शब्दाच्या तळाशी वाइनचे पिंप आहे. बोर्दोच्या घाऊक बाजारात आजही तोनोतच भाव होतो: ९०० लिटर, म्हणजे २२५ लिटरची चार पिंपे, म्हणजे १,२०० बाटल्या. आणि आपला 'पिंप' हा शब्दही समुद्रावरूनच आला, पोर्तुगीज 'पिपा'वरून. तोही वाइनच्या पिंपाचाच शब्द. चाळीत पाणी भरून ठेवायचे ते पिंप आणि ट्रकवर लिहिलेला टन, दोघेही जहाजाच्या पोटातून उतरलेले.

ज्यांनी खरोखर जहाजे पाठवली

बेशव्हेलचे खरे दर्यावर्दी दीडशे-दोनशे वर्षांनी येतात. आजचा देखणा वाडा मार्की द ब्रासिएने १७५७ मध्ये नव्याने बांधला. क्रांतीनंतर, १८०० मध्ये, ही जागा झाक काँत या बोर्दोच्या जहाजमालकाने घेतली. तो युद्धकाळात शत्रूची व्यापारी जहाजे लुटायला खासगी जहाजे धाडणारा माणूस. १८२५ मध्ये त्याच्याकडून ती पिएर-फ्रांस्वा गेस्तिए याने घेतली. बार्टन अँड गेस्तिए या पेढीतले हे घराणे, वाइन आणि जहाजे दोन्ही जाणणारे. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदॉकच्या, म्हणजे जिरोंदच्या या डाव्या काठावरच्या प्रदेशाच्या, वाइनची प्रसिद्ध प्रतवारी झाली, तेव्हा बेशव्हेल चौथ्या श्रेणीत लागली ती गेस्तिए मालक असताना.

ड्यूकपेक्षा या दोघांचा समुद्राशी संबंध कितीतरी पक्का. पण त्यांची गोष्ट बाटलीवर छापायला तितकी सोपी नाही, कारण त्या काळच्या बोर्दोचे वैभव नुसत्या वाइनचे नव्हते. १६७२ ते १८३७ या काळात बोर्दोच्या जहाजांनी सव्वा ते दीड लाख आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून अटलांटिकपार नेले. साखर, कॉफी आणि नीळ घेऊन हीच जहाजे जिरोंदमधून, बेशव्हेलवरून, परत येत. शहराच्या आक्वितेन संग्रहालयात आज हा इतिहास उघडपणे मांडला आहे. बोर्दोच्या वाइनचा समुद्री इतिहास सांगताना तो वगळला तर आपण अर्धेच सांगितले असे होईल, म्हणून मी तो आता दरवेळी सांगतो.

त्या मानाने भारताशी जुळणारा धागा हलका आहे. बेशव्हेलच्या उत्तरेला, सँत-एस्तेफ गावात, लुई-गास्पार देस्तूर्नेल याने एकोणिसाव्या शतकात आपली वाइन जहाजाने भारतात पाठवली. न खपलेली पिंपे परत आली, तर लांबच्या प्रवासाने वाइन मुरून अधिक चांगली झाली असे त्याला वाटले. त्यांवर तो 'भारतातून परतलेली' अशी खूण करू लागला. त्याच्या वाइनघराला आजही पूर्वेकडची शिखरे आहेत.

आज बेशव्हेलची मालकी फ्रान्सच्या कास्तेल समूहाकडे आणि जपानच्या सनटोरी कंपनीकडे आहे. चीनमध्ये तिला लोक 'ड्रॅगन बोट' म्हणतात, कारण नाळेवरचा ग्रिफिन त्यांना ड्रॅगन वाटतो. नावाचा अर्थ पुन्हा एकदा बदलला, आणि या वेळी त्याला ड्यूकही लागला नाही. बेशव्हेलच्याच दुय्यम वाइनचे नाव मात्र 'आमिराल द बेशव्हेल', बेशव्हेलचा ॲडमिरल.

वाइनबद्दल दोनच शब्द. मेदॉकमध्ये म्हण आहे की चांगल्या वेलींना नदी दिसली पाहिजे. बेशव्हेलच्या वेलींना ती दिसते. गोट्यागोट्यांची जमीन, पाण्याचा चटकन निचरा, आणि एवढे मोठे पात्र जवळ असल्याने थंडीचा कडाका थोडा कमी. कॅबरने सोव्हिन्यों आणि मर्लो या दोन द्राक्षांवर ती उभी आहे. मर्लोचा वाटा बऱ्यापैकी असल्याने ती घशात अडत नाही, आणि दहा-पंधरा वर्षे ठेवली तर फार सुरेख होते.

ती बाटली आम्ही त्या रात्री उघडली. बूच काढले, ग्लास भरले. काकांनी चहाच घेतला. मी त्यांना सांगितले, आत येणारी जहाजे भरतीला येत, वाइन भरून जाणारी ओहोटीला जात. त्यांनी बाटली पुन्हा हातात घेतली आणि दिव्याखाली धरली.

"मग हा भरलेला आहे का रिकामा, ते सांग. पाण्यात किती बसलाय बघ."

आम्ही सगळे वाकून चित्रातल्या जहाजाची पाण्याची रेघ शोधू लागलो.